बेटावरून बेटावर पहिला पॅसेज: दोन-तीन जणांच्या क्रूचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सीझनला कुणीतरी नवीन बोट घेतं किंवा चार्टर करतं आणि मग मला हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहितेय. गृहीत धरलंय ते असं, की तुम्हाला दिवसाउजेडी शीड चढवता-उतरवता येतं, नांगर टाकता येतो, पण रात्रभर बोट कधी चालवलेली नाहीये. बोट ३५-४० फुटी, माणसं दोन किंवा तीन, आणि मधे उष्ण कटिबंधातलं मोकळं पाणी. मैल म्हणजे सगळीकडे सागरी मैल, १८५२ मीटर, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

पहिला पॅसेज किती मोठा घ्यावा?

एका रात्रीचा. १०० ते १५० मैल, बास. ३५ फुटी बोट चांगल्या वाऱ्यात सहा-साडेसहा नॉट पळते पण प्लॅन करताना सरासरी ५ धरा, म्हणजे २४ तासांत १२० मैल. आणि वारा नाकासमोरून असेल तर नागमोडी जावं लागतं, तेच अंतर दीडपट किंवा त्याहूनही जास्त होतं, तेव्हा पहिल्या वेळी वारा बाजूने किंवा मागून मिळेल असंच बेट निवडा.

दोन रात्रींचा पॅसेज मी पहिल्यांदा नको म्हणते कारण पहिली रात्र माणूस उत्साहावर काढतो, दुसऱ्या रात्री झोपेची सगळी थकबाकी एकदम अंगावर येते आणि चुका तेव्हाच होतात. शरीर लयीत यायला साधारण तिसरा दिवस उजाडतो. त्यामुळे चार-पाच दिवसांचा प्रवास कधीकधी दोन रात्रींच्या प्रवासापेक्षा सोपा जातो, पण ते नंतर कधीतरी, पहिल्यांदा नाही.

निघायचं किती वाजता?

हा प्रश्न उलटा विचारा. आधी पोचायचं किती वाजता ते ठरवा आणि मग मागे मोजत या. माझ्या मते अख्ख्या पॅसेजचं प्लॅनिंग या एका गोष्टीवर उभं आहे, बाकी सगळं (झोप, शिडं किती ठेवायची, जेवण कधी) त्याच्या मागून येतं.

कारण असं की उष्ण कटिबंधात वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपासच असतो आणि संध्याकाळ म्हणून जी काही असते ती २०-२५ मिनिटांत संपते. सूर्य बुडाला की अंधार. आणि बेटाभोवती प्रवाळाच्या रांगा असतील तर नुसता उजेड असून चालत नाही, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे पाहिजे, म्हणजे सकाळी नऊ-दहा ते दुपारी तीन-साडेतीन हीच खरी आत शिरायची वेळ.

आता १५० मैलांचं गणित करू. सकाळी ६ ला निघालात तर ६ नॉटने दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला पोचाल, ५ नॉटने दुपारी १२ ला, साडेचारने ३:२० ला. म्हणजे वेग कसाही निघाला तरी दिवस आहे, फक्त लवकर पोचलात तर बाहेर तासदोनतास थांबावं लागेल. हेच तुम्ही सामान भरण्यात आणि निरोप घेण्यात दुपारी १२ ला निघालात तर साडेचार नॉटला रात्री ९:२० होतात, पूर्ण अंधार. सहा तासांच्या उशिराने सगळंच बिघडतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं बांधून, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) डेकवर चढवून, पाणी भरून झोपायचं आणि पहाटे फक्त नांगर उचलायचा.

चंद्राचं पण बघा. पौर्णिमेच्या दोन-चार दिवस आधी निघालात तर सूर्य मावळताना चंद्र आधीच वर असतो आणि रात्रीचा बराचसा भाग उजेडात जातो. पहिल्या वेळी याने मनाला जो आधार मिळतो तो मोठा आहे.

आणि तरी अंधारात पोचलोच तर?

तर आत जायचं नाही. यावर माझं मत कधीच बदललेलं नाही.

आमच्या पहिल्या पॅसेजला आम्ही तिघं होतो, १३० मैल, वारा अपेक्षेपेक्षा चांगला मिळाला आणि पहाटे साडेतीनला बेटाचे दिवे दिसायला लागले. सगळे थकलेले, समोर चार्टप्लॉटरवर (चार्ट, म्हणजे सागरी नकाशा, दाखवणारा स्क्रीन) रीफमधली, म्हणजे प्रवाळाच्या रांगेतली, वाट इतकी स्वच्छ दिसत होती की आमच्यातला एक जण म्हणाला जाऊया हळूहळू. बरीच वादावादी झाली. शेवटी आठ मैल बाहेर बोट हीव्ह-टू करून उजाडायची वाट बघितली आणि नऊ वाजता आत शिरलो, तेव्हा कळलं की वाटेच्या तोंडावर चार्टमध्ये जी खुणेची काठी होती ती प्रत्यक्षात तिथे नव्हतीच, कधीतरी वादळात वाहून गेली असणार. अंधारात आम्ही ती शोधत बसलो असतो.

हीव्ह-टू म्हणजे पुढचं छोटं शीड नेहमीच्या उलट, म्हणजे वारा येतो त्या बाजूला ताणून ठेवायचं, मागचं शीड रीफ केलेलं (म्हणजे कमी करून लहान केलेलं, प्रवाळाच्या रीफशी याचा संबंध नाही), आणि सुकाणू असं बांधायचं की बोट वाऱ्याकडे वळायला बघते (टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, चाक असेल तर वाऱ्याकडे फिरवून). मग दोन शिडं एकमेकांविरुद्ध काम करतात आणि बोट जवळजवळ थांबते, एक-दोन नॉटने बाजूला सरकत राहते. पहिल्यांदा केलं की विश्वास बसत नाही इतकी शांतता होते. पण सगळ्या बोटी सारख्या वागत नाहीत, अरुंद खोल कीलच्या (पोटाखालच्या जड पात्याच्या) नव्या बोटी थोड्या पुढे सरकतात, म्हणून हे निघायच्या आधी दिवसा दोन-तीनदा करून बघा आणि तुमची बोट किती आणि कुठे सरकते ते लिहून ठेवा. आणि सरकण्याच्या दिशेला भरपूर मोकळं पाणी आहे ना ते आधी बघा. चार तासांत दीड नॉटने सहा मैल जातात.

रीफमधून आत जाताना पाणी वाचायचं म्हणजे काय?

रंग बघायचे. गडद निळं म्हणजे खोल. फिरोजी म्हणजे खाली वाळू आणि काही मीटर पाणी. फिकट, जवळजवळ पांढरं म्हणजे फारच उथळ वाळू. तपकिरी किंवा पिवळट म्हणजे प्रवाळ पृष्ठभागाजवळ आलंय, तिकडे जायचंच नाही. पोलराइज्ड गॉगल घालून एक माणूस पुढे नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभा करा, शक्यतो उंचावर, आणि हातवारे आधीच ठरवून ठेवा कारण इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं काही ऐकू येत नाही. ढगाची सावली अगदी रीफसारखी दिसते, पण ती सरकते. सूर्य समोर असेल तर नुसता चकचकाट दिसतो, काहीही कळत नाही, म्हणून पश्चिमेकडे तोंड करून आत जायचं असेल तर सकाळी आणि पूर्वेकडे तोंड असेल तर दुपारी.

कंकणाकृती बेटांच्या आत जायचं तर वाट अरुंद असते आणि लगूनमधलं (बेटाच्या कड्याच्या आतल्या तळ्यातलं) सगळं पाणी तिथून आतबाहेर करतं, प्रवाह बोटीपेक्षा जोरात असू शकतो. तिथे पाणी थांबतं ती वेळ गाठावी लागते. पहिल्या वेळी असलं बेट नकोच.

जीपीएस आणि चार्टप्लॉटर असताना एवढी काळजी कशाला?

कारण जीपीएस तुम्ही कुठे आहात ते काही मीटरच्या आत बरोबर सांगतं, पण बेट कुठे आहे ते चार्ट सांगतो, आणि काही दूरच्या बेटांचे चार्ट अजूनही जुन्या, उपग्रहांच्या आधीच्या सर्व्हेवर उभे आहेत. तिथे बेटाची जागा चार्टवर आणि प्रत्यक्षात वेगळी असू शकते. बोट चार्टवर पाण्यात आणि खरी रीफवर, असं होतं. शिवाय प्लॉटर झूम आउट केला की छोटे खडक गायब होतात, म्हणून निघायच्या आधी अख्खी वाट झूम इन करून बघायची, मैलन् मैल. पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांना जुने दर्यावर्दी धोकादायक द्वीपसमूह म्हणायचे कारण ती इतकी सपाट आहेत की अगदी जवळ गेल्यावर नारळाचे शेंडे दिसतात आणि मग बेट.

अजून एक, बोयांचे (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) रंग जगभर सारखे नाहीत. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात, बाकी जगात डाव्या. तुमचं बेट कुठल्या भागात येतं ते माहीत करून घ्या.

कुठला सीझन?

वादळांचा सीझन सोडून. उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. उत्तर हिंदी महासागरात मान्सूनच्या आधी आणि नंतर असे दोन जोर असतात, आणि वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून कुठल्याही महिन्यात येऊ शकतो. या वादळांना साधारण २६-२७ अंश सेल्सिअसच्या वरचं गरम पाणी लागतं आणि पृथ्वीच्या फिरण्याने मिळणारा पीळ लागतो, तो पीळ विषुववृत्तापाशी जवळजवळ शून्य, म्हणून तिथे ती सहसा होत नाहीत. सहसा म्हणतेय, कारण डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं टायफून विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर तयार झालं होतं.

हवामान अ‍ॅपवर १५ नॉट दाखवतंय, म्हणजे १५ च ना?

नाही. अ‍ॅपच्या मागचं हवामानाचं मॉडेल मोठ्या चौकोनांची सरासरी देतं, त्याला तुमचं बेट आणि त्यावरचा डोंगर नीट दिसतच नाही. उंच बेटाच्या आडोशाला वारा गायब असतो आणि मग दोन बेटांच्या मधल्या पट्ट्यात तोच वारा चिमटून पाच-दहा नॉटने वाढतो, लाटाही तिथे उभ्या होतात. नवीन लोकांचं नेहमी होतं ते हे की आडोशाला शांत पाणी बघून सगळी शिडं उघडतात आणि बेटाचं टोक ओलांडलं की पाच मिनिटांत बोट आडवी, आत सगळं सामान जमिनीवर, एक जण उलट्या करतोय. टोकाच्या आधीच शिडं कमी करा. पलीकडे गेल्यावर कमी वाटली तर उघडता येतातच की.

त्याच पट्ट्यांत प्रवाह पण असतो. एक नॉटचा आडवा प्रवाह म्हणजे २५ तासांत २५ मैल बाजूला, बेट दिसणारच नाही. ५ नॉटने जाताना एक नॉटच्या आडव्या प्रवाहाला तोंड द्यायला नाळ साधारण ११-१२ अंश प्रवाहाकडे वळवून ठेवावी लागते. होकायंत्रात काय दिसतं त्यापेक्षा बोट जमिनीच्या हिशोबात कुठे चाललीय ते बघा.

स्क्वॉल म्हणजे काय आणि रात्री ते कसं कळणार?

व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात एकटा काळा ढग येतो, खाली पावसाचा पडदा, आणि १५ नॉटचा वारा दोन मिनिटांत ३० होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट. बहुतेक स्क्वॉल १५ ते ३० मिनिटांत निघून जातात. दिवसा येताना दिसतात. रात्री एका बाजूचे तारे गायब व्हायला लागले, किंवा अचानक गार वारा अंगावर आला, की समजायचं. रडार असेल तर पाऊस त्यावर छान दिसतो.

आमचा नियम साधा आहे, सूर्य मावळायच्या आधी एक रीफ घालायचाच, म्हणजे शीड एक टप्पा कमी करायचं, वारा कितीही गोड असो. बोट अर्धा नॉट हळू जाते, जाऊ दे. त्या बदल्यात रात्री दोन वाजता झोपलेल्या माणसाला उठवून, अंधारात, पावसात डेकवर पाठवावं लागत नाही, आणि छोट्या क्रूमध्ये झोपलेल्या माणसाची झोप हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे. रीफ घालू का असा विचार मनात आला म्हणजे वेळ झालेली आहे.

दोन किंवा तीन जणांत वॉच (पहाऱ्याची पाळी) कशी लावायची?

तिघं असाल तर नशीबवान, तीन तास जागं आणि सहा तास मोकळं. दोघं असाल तर तीन-तीन तास, संध्याकाळी ६ किंवा ७ पासून सुरू करून सकाळपर्यंत, आणि दिवसा जरा सैल. काही जोडप्यांना चार-चार तास बरे वाटतात कारण सलग झोप मिळते. मला मध्यरात्रीनंतर चौथा तास झेपत नाही, डोळे उघडे असतात पण काही बघत नसतात. पहिल्या रात्री काय जमेल ते आधी कळत नाही, पण वेळापत्रक कागदावर लिहून चिकटवा, नाहीतर "मी ठीक आहे, तू झोप अजून" असं म्हणत एक जण पहाटेपर्यंत बसतो आणि मग बेटाजवळ, जिथे डोकं सगळ्यात जास्त चाललं पाहिजे तिथे, तोच सुकाणूवर पेंगतोय. मागे मोजायचं म्हटलं ना, झोपसुद्धा मागे मोजायची. पोचायच्या आधीचे तीन तास स्किपर झोपलेला असला पाहिजे.

वॉचवर असताना दर १०-१५ मिनिटांनी पूर्ण गोल नजर, मागेसुद्धा. दर तासाला वहीत जागा, वेग, दिशा, वारा, बॅरोमीटर. वही कशाला तर सगळी इलेक्ट्रॉनिक्स बंद पडली तर तासाभरापूर्वी कुठे होतो ते कळतं. लाल हेडलाइट वापरा, पांढऱ्या उजेडाने डोळे अंधाराला परत सरावायला २०-३० मिनिटं घेतात. आणि फोन बघू नका, खरंच.

झोपच लागत नाही, मग?

पहिल्या रात्री कुणालाच नीट लागत नाही. बोट आतून करकरते, आपटते, पाणी कानाशेजारी पळतं आणि प्रत्येक आवाज काहीतरी तुटल्यासारखा वाटतो. बोटीच्या मधोमध, खालच्या बाजूच्या बर्थवर, ली-क्लॉथ (खाली पडू नये म्हणून बर्थच्या कडेचं कापड) बांधून डोळे मिटून पडून राहा, तेवढ्यानेही फरक पडतो. पुढच्या केबिनमध्ये समुद्रात झोपणं विसरा.

मोठी जहाजं आपल्याला बघतात ना?

बघतील असं धरून चालू नका. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटरहून मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा किमान ६ मैलांवरून दिसला पाहिजे असं आहे. जहाज १८ नॉट आणि तुम्ही ५, समोरासमोर, म्हणजे ६ मैल साधारण १६ मिनिटांत संपतात, वरची १०-१५ मिनिटांची नजर यातूनच आलीय. आणि उलट बघा, १२ मीटरपेक्षा लहान बोटीच्या लाल-हिरव्या दिव्यांना फक्त १ मैलाची अट आहे. म्हणजे त्या जहाजाला तुम्ही दिसायला लागल्यावर अडीच मिनिटं उरतात. दिवे आदल्या रात्री लावून तपासा, आणि इंजिन चालू करून शीड असलं तरी तुम्ही इंजिनवाली बोट धरली जाता, दिवे त्याप्रमाणे बदलायचे.

समोरच्या दिव्याची दिशा होकायंत्रात बदलत नसेल आणि तो मोठा होत असेल तर टक्कर ठरलेली आहे, लवकर आणि ठळक वळा, जरासं नाही. एआयएस (जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवर कळवतात ती यंत्रणा) असेल तर फार छान, जहाज सगळ्यात जवळ किती अंतरावरून आणि कधी जाईल ते आधी कळतं. पण बेटांजवळच्या छोट्या होड्यांकडे एआयएस नसतो, बऱ्याचदा दिवापण नसतो, तेव्हा किनाऱ्याच्या शेवटच्या दहा मैलांत डोळेच कामाला येतात.

बोट लागली तर?

पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना लागते, त्यात लाज कसली. गोळी निघायच्या आदल्या रात्री आणि परत सकाळी, कारण मळमळ सुरू झाल्यावर पोटात काही टिकत नाही. कुठली गोळी ते डॉक्टरांना विचारा आणि जमिनीवर एकदा घेऊन बघा, काहींनी इतकी झोप येते की माणूस वॉचला निरुपयोगी. कानामागच्या स्कोपोलामिनच्या पॅचला काम सुरू करायला काही तास लागतात. त्रास होतोय त्याला बाहेर आणा, सुकाणू हातात द्या, क्षितिजाकडे बघायला सांगा, थोडं थोडं पाणी आणि कोरडं काहीतरी खायला. पहिल्या दिवसाचं जेवण आधीच शिजवून ठेवा म्हणजे कुणाला खाली गॅससमोर उभं राहावं लागणार नाही. उलटी करायला कुणी कठड्यावर वाकणार नाही, बादली वापरायची, माणसं पाण्यात पडतात ती अशीच.

माणूस पाण्यात पडला तर?

६ नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर. एका मिनिटात बोट १८५ मीटर पुढे, आणि दोन मीटरच्या लाटांत डोकं याच्या बरंच आधी दिसेनासं होतं. रात्री, दुसरा माणूस झोपेत असताना, कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून छोट्या क्रूचा खरा उपाय पडायचंच नाही हा आहे. अंधार पडल्यापासून आणि कॉकपिटमध्ये एकटं असताना कायम, हार्नेस (अंगावरचे पट्टे) घालायचा आणि टेदर (बोटीला बांधून ठेवणारा दोर) अडकवायचा, तोही वर यायच्या आधी, जिन्यात उभं असतानाच. डेकवर पुढे जायचं असेल तर दुसऱ्याला उठवल्याशिवाय जायचं नाही, कितीही छोटं काम असो. याच्यात अपवाद केला की सवय मोडते.

तरीही पडलाच तर ओरडा, तरंगणारं सगळं फेका, जीपीएसवरचं एमओबी बटण (माणूस पडला ती जागा नोंदवणारं) दाबा, एका माणसाची नजर आणि हाताचं बोट त्याच्यावरून हलू देऊ नका, आणि बोट लगेच वाऱ्यात वळवून थांबवा. दोघंच असाल तर हे सगळं एकट्याला करायचंय, आणि भिजलेल्या माणसाला वर ओढून घ्यायला हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) आणि विंच (दोर ओढायची चरखी) लागते. शांत पाण्यात, नांगरावर असताना एकदा खरंच करून बघा.

माझ्या जोडीदाराला फारसं सेलिंग येत नाही, चालेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर तुमच्या जोडीदाराला विचारलेल्या एका प्रश्नात आहे: मी आत्ता बेशुद्ध पडलो तर तू काय करशील? तिला किंवा त्याला पाच गोष्टी एकट्याने, न बघता आल्या पाहिजेत. बोट थांबवणं, पुढचं शीड गुंडाळणं, इंजिन चालू करणं, रेडिओवर मदत मागणं आणि आपली जागा अक्षांश-रेखांशात वाचून सांगणं. एवढं येत असेल तर चालेल. येत नसेल तर आठवडाभर थांबा आणि शिकवा, ओरडून नाही, आणि सुकाणू त्यांच्या हातात देऊन तुम्ही दोर ओढा. बहुतेक बोटींवर हे उलटं असतं, जास्त येणारा माणूस सुकाणू सोडतच नाही.

आणि ज्याला कमी येतं त्याचा नकाराचा हक्क मोठा. एकाला जरी वाटलं की आज नको, तर आज नको. त्यावर चर्चा करत बसू नये असं मला वाटतं.

पाणी, खाणं, गॅस?

प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ४ लिटर, आणि प्रवासाच्या दुप्पट दिवसांचं. सगळं एका टाकीत नको, थोडं कॅनमध्ये. उन्हात माणूस तहान लागायच्या आधीच सुकतो आणि चिडचिडा होतो, लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय. ओआरएस जवळ ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून वापरून झाला की सिलिंडरपाशीच बंद. हलत्या बोटीत उकळतं काही करताना उघड्या पायांनी उभं राहू नका.

वाटेत मासे पकडून खाल्ले तर चालतात का?

खोल समुद्रात गळाला लागलेले माहीमाही, ट्यूना चालतात, लगेच थंड करा. रीफवरचे मोठे शिकारी मासे, बॅराकुडासारखे, टाळा. त्यात सिग्वाटेराचं विष साठू शकतं, ते शिजवून जात नाही, आणि चवीला वासाला काहीच कळत नाही.

इंजिनचं काय बघायचं?

टाकीच्या तळाचा गाळ. नांगरावर महिनोन्‌महिने तो शांत बसलेला असतो आणि पहिल्या खऱ्या लाटांत ढवळून फिल्टरमध्ये जातो, मग इंजिन बंद पडतं, आणि बहुतेक वेळा बेटाच्या तोंडाशीच कारण तिथेच ते चालू केलेलं असतं. जास्तीचे फिल्टर, इम्पेलर, बेल्ट ठेवा, आणि फिल्टर बदलून डिझेलमधली हवा काढायचं काम स्वतः एकदा केलेलं असू द्या. पोचायच्या दोन तास आधी, मोकळ्या पाण्यात, इंजिन चालू करून बघा.

शिडांचं म्हणाल तर घासणं हा खरा शत्रू, दोर जिथे जिथे टेकतो तिथे दिवसातून दोनदा हात फिरवा. आणि वारा मागून असेल तर बूमच्या (मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकापासून पुढे प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अडवून धरणारा दोर, बांधाच, झोपाळलेल्या सुकाणूवाल्याकडून जाइब झाली, म्हणजे वारा मागून शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर बूम डोकं फोडते.

मदत कशी मागायची?

व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, जीव धोक्यात असेल तर मेडे, नसेल तर पॅन-पॅन. पण व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, डोलकाठीवरच्या अँटेनाने दुसऱ्या शिडाच्या बोटीपर्यंत साधारण १५ मैल, मधल्या पाण्यात कदाचित कुणीच ऐकणार नाही. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटाचा सिग्नल पाठवणारं यंत्र), तुमच्या बोटीच्या नावावर रजिस्टर केलेला, बॅटरीची तारीख बघून. तो सुरू केला की उपग्रहांमार्फत बचाव केंद्राला कळतं, आणि ते आधी तुम्ही दिलेल्या जमिनीवरच्या नंबरला फोन करतात, तेव्हा त्या माणसाला तुमचा प्लॅन माहीत पाहिजे: कुठून कुठे, किती जण, कधीपर्यंत निरोप आला नाही तर काळजी करायची. ही वेळ ढिली ठेवा, उशीर तर होणारच.

कागदपत्रं?

दुसऱ्या देशाचं बेट असेल तर निघताना क्लिअरन्सचा कागद घ्या, पोचल्यावर तो मागतात. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, क्रूची यादी. त्यांच्या पाण्यात शिरल्यावर पिवळा क्यू झेंडा चढवायचा, आणि साधारणपणे क्लिअरन्स होईपर्यंत फक्त कॅप्टन किनाऱ्यावर जातो. ऑफिसची सुटी कधी असते ते आधी बघा.

मागे कधी फिरायचं?

हे निघायच्या आधी, किनाऱ्यावर, डोकं शांत असताना लिहून ठेवा. आमचं असं असतं: तीन तासांनी, म्हणजे साधारण १५ मैलांवर, थांबून एकमेकांना विचारायचं. कुणी इतका आजारी आहे का की वॉच करू शकणार नाही? ऑटोपायलट चालतोय? वारा सांगितला होता त्याच दिशेचा आहे? तळात पाणी? यातलं एक जरी उत्तर वाईट आलं तर परत, कारण सकाळी ९ ला मागे वळलात तर दुपारी त्याच नांगरावर उजेडात असता. आम्ही एकदा असे परत आलो, ऑटोपायलट बंद पडला होता आणि दोघांनी रात्रभर हाताने सुकाणू धरायला लागलं असतं. पाच दिवसांनी दुरुस्त करून परत निघालो, वारा तेवढाच होता.

पोचल्यावर लगेच काय?

वाळूत नांगर टाका, प्रवाळावर नाही. पाणी ६ मीटर आणि नाळेची उंची १ मीटर असेल तर सातच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी, भरती-ओहोटीचा फरक त्यात मिळवून. इंजिन रिव्हर्समध्ये टाकून नांगर पकडलाय का बघा, किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून पाच मिनिटं बघत राहा की रेष हलत नाही. मग क्लिअरन्सला जायचं, आल्यावर काही खायचं आणि झोपायचं. डेक धुणं, शिडं घडी करणं, फोटो, सगळं उद्या.